36 फुटाला गाडी हलते

डब्ल्यू 124 या जुन्या मर्सिडीजचं वेड मला कुठून लागलं ते सांगायला फार लांब जायला नको. मी चिंचवडचा. मर्सिडीजने 1995 मध्ये भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती आमच्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, आणि पहिलं मॉडेल म्हणजे हीच ई क्लास, 124 बॉडीची. तेव्हा मी शाळेत, सायकलवर. शेजारून ती गेली की सायकल आपोआप थांबायची. आता चाळिशी गेली, निम्मे केस गेले, घराचे हप्ते संपले, तर म्हटलं एक घेऊयाच. बायकोचं म्हणणं एवढंच की तेवढ्या पैशात नवी छोटी गाडी येते. येते की. पण तिला बघून कोण सायकल थांबवणारे?

पुण्यात चार बघितल्या, चारही गेलेल्या केसेस. मला हवी होती ई 250 डी, म्हणजे पाच सिलिंडरची डिझेल. पेट्रोलची ई 220 चालायला गोड आहे, पण त्या काळातल्या पेट्रोल इंजिनांच्या वायरींवरचं आवरण उष्णतेने आणि वयाने भुगा होऊन गळतं आणि मग गाडी कधी काय करेल सांगता येत नाही, त्यामुळे नकोच. तेवढ्यात साडूचा फोन, कोल्हापुरात दोन आहेत, या. साडू पक्का कोल्हापूरचा, त्याला नाही म्हणता येत नाही. आई म्हणाली पितृपक्षात कुठे गाडी बघायला निघालास, मी म्हटलं घेत नाहीये गं, नुसती बघतोय. (तसं पितृपक्षात जाणं सोयीचं असतं, गिऱ्हाईक नसतं, विकणारा जरा मऊ असतो.)

हायवेबद्दल न बोललेलंच बरं. सहापदरीकरण चालूच आहे, डायव्हर्जन, परत डायव्हर्जन, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोल भरायचे आणि वर धूळ खायची. तावडे हॉटेलपाशी साडू उभाच होता. "या पाव्हणं, आधी मिसळ का आधी गाडी?" मी गाडी म्हणालो. हे चुकलंच, मिसळ खाऊन गेलो असतो तर निदान एक गोष्ट तरी बरी झाली असती.

पहिली गाडी शहराच्या जरा बाहेर, एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे. सिल्व्हर कलर, नुसती चकचकीत, टायरलासुद्धा पॉलिश. डीलर म्हणाला, "एक हाती गाडी साहेब, डॉक्टरांची. पूर बघितलेलाच नाही हिनं." आता गंमत अशी की पुराचं मी विचारलंच नव्हतं.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना कदाचित लक्षात नसेल म्हणून सांगतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, आणि 2021 च्या जुलैत परत तेच. माणसं जीव वाचवून निघाली, गाड्या जागेवर राहिल्या. पुरात बुडालेली गाडी विम्यातून निकालात निघते, लिलावात जाते, कोणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, वाळवतो, सेंट मारतो आणि दोनचार वर्षांनी ती लांबच्या गिऱ्हाइकासमोर उभी राहते. इंजिनाचं काय, पाणी काढलं, तेल बदललं की चालू होतं. मरतं ते वायरिंग, आणि तेही लगेच नाही, तुम्ही पैसे दिल्यावर सावकाश.

मग मी माझं काम सुरू केलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत कोणी ओढत नाही. वरचा भाग स्वच्छ, आतला पट्टा चहात बुडवून काढल्यासारखा, मध्ये सरळ रेघ. डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खोलगट भागात कोपऱ्यात बारीक गाळ, वाळून टणक झालेला, नखाने निघेना. ड्रायव्हर सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले. आता सीटखाली पाऊस पडत नाही ना. डॅशबोर्डखाली हात घालून एक कनेक्टर सोडवला तर आतल्या पिना हिरव्या. साडू माझ्याकडे बघतोय, डीलर साडूकडे. मी म्हटलं डॉक्टर पोहायला जायचे का गाडीतनं? डीलर हसला पण बिचाऱ्याने लगेच किंमत 50 हजारांनी खाली आणली, म्हणजे त्यालाही माहीतच होतं.

दुसरी गाडी कळंब्याकडे. मालकाने गेटवरच सांगितलं, विकायची नाहीये, पोराने परस्पर जाहिरात टाकली. चहा मात्र पाजला.

दुपारी दीड वाजता मिसळ खाल्ली. तिच्यावर लिहायला बसलो तर गाडी राहून जाईल.

मग साडू म्हणाला, आपण उद्यमनगरला जाऊ, माझ्या ओळखीचे मिस्त्री आहेत. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं वर्कशॉप, फाउंड्र्या, लेथ, वेल्डिंग, इथे तुटलेला पार्ट घेऊन गेलात तर नवा कुठे मिळेल असं कोणी विचारत नाही, ठेवा जावा म्हणतात. मिस्त्री साठीचे, हात पुसायचा कपडा खांद्यावर. आमची कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "जाहिरातीत चांगली गाडी गावायची न्हाई वो. चांगल्या गाडीचा मालक जाहिरात देतच न्हाई. त्यो मिस्त्रीला इचारतो, कुणाला देऊ म्हणून." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला, फोनमध्ये नंबर शोधला, पलीकडच्याशी दोन मिनिटं गुडघेदुखीवर बोलले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, उद्या सकाळी सात. रमणमळा.

रमणमळा म्हटल्यावर माझा चेहरा पडला. पुराच्या बातम्यांत दरवेळी ऐकलेलं नाव. मिस्त्री म्हणाले, जावा तर खरं.

म्हणजे मुक्काम आला. संध्याकाळी साडूने न्यू पॅलेसवरून गाडी घेतली, काळ्या दगडाचा तो राजवाडा, 1884 साली बांधून झालेला, आणि तिथे त्याला मेबॅक आठवली. छत्रपतींची जुनी मेबॅक दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात येते, सीमोल्लंघनाला, आणि अख्खं कोल्हापूर ती बघायला जमतं. साडू म्हणाला आम्ही लहानपणी सोनं लुटायला कमी आणि ती गाडी बघायला जास्त जायचो. मी त्याला सांगितलं की पहिल्या मर्सिडीज गाडीचं डिझाइन ज्याचं, तो विल्हेल्म मेबॅकच, मग त्याने आणि त्याच्या पोराने 1909 मध्ये स्वतःची कंपनी काढली, आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं आणि नंतर गाड्या, आणि आता ते नाव परत मर्सिडीजकडेच आहे. साडू म्हणाला, "म्हणजे भाऊबंदच की." रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो. मला ते झेपत नाही हे दरवेळी प्यायल्यावर आठवतं.

सकाळी पावणेसातला रमणमळा. काका पंचाहत्तरीचे, पूर्वी फाउंड्री चालवायचे, आता गुडघे धरलेत, क्लच दाबवत नाही, म्हणून विकायची. पत्र्याची शेड, आत गाडी, वर कव्हर, आणि कव्हरखाली काकींच्या जुन्या सुती साड्या पांघरलेल्या. "नुसत्या कव्हरनं रेघा पडतात," काका म्हणाले. साड्या एकेक काढून घडी घालून ठेवल्या, तेवढा वेळ आम्ही गप्प उभे, आणि मग ती दिसली. गडद निळी, 1996 ची, एमएच 09. चकचकीत वगैरे अजिबात नाही, रंग जरा बसलेला, बंपरला ओरखडे. बॉनेटवरचा तारा शाबूत. काका म्हणाले तीन वेळा चोरीला गेला, हा चौथा, आणि दोन कपाटात आहेत, ते पण देईन.

मी बॉनेटवर हात ठेवला. गार. काका हसले, "सातला बोलावलं ते त्यासाठीच. गरम करून दाखवलेली गाडी म्हणजे मेकअप करून दाखवलेली पोरगी." (काकी आतून म्हणाल्या, ऐकू येतंय मला.) किल्ली फिरवली, हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला, मग स्टार्टर, आणि एका दमात चालू. पाच सिलिंडरचा तो थोडासा लंगडा, खर्जातला आवाज. मागे धुराची एक झुळूक आली आणि गेली. तेलाच्या प्रेशरचा काटा तडक 3 वर. मी तेलाचं झाकण उघडून बघितलं, वाफेचा मारा नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नाही. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. काका बघत होते, काही बोलले नाहीत, आत गेले आणि एक वही घेऊन आले.

त्या वहीबद्दल मला खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. या गाड्यांच्या किलोमीटरच्या मीटरमधलं प्लॅस्टिकचं छोटं चाक वयाने तुटतं आणि आकडा थांबतो, हिचा 2009 मध्ये 1,84,000 ला थांबला. दुसरा कोणी असता तर तोच आकडा दाखवून विकली असती. काकांनी तेव्हापासून प्रत्येक फेरी लिहिलीये. पुणे जाऊन येऊन 460. जोतिबा. आजरा, लग्न. ऑइल बदली, फिल्टर, कोणत्या दुकानातनं, किती रुपये. आणि ऑगस्ट 2019 च्या पानावर निळ्या शाईत एवढंच : "पाणी 36. गाडी विद्यापीठ रोड, मेहुण्याकडे." त्याखाली दोन ओळी सोडून : "घरात पाणी साडेचार फूट. गाडी ठीक." जुलै 2021, परत तेच, फक्त घरातलं पाणी वेगळं. मी विचारलं, काका, इशारा तर 39 ला असतो ना? म्हणाले, "39 ला अख्खं गाव गाडी हलवतंय. रस्त्यावर जागा मिळत नाही. आमची 36 ला हलते."

काकींना मी विचारलं नाही की घरातलं सामान कधी हलवलं. चेहऱ्यावरून कळत होतं.

गाडी घेऊन शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळपर्यंत गेलो. टर्बो नाही, घाईचं काम नाही, चढाला ट्रॅक्टरवालासुद्धा आपल्याकडे दयेने बघतो, पण एकदा चालीला लागली की खड्डे ती आपल्यापर्यंत येऊच देत नाही. केर्लीजवळ भुरभुर पाऊस आला तेव्हा तो एकुलता एक वायपर चालू केला, काचेच्या कोपऱ्यात आला की हात लांब केल्यासारखा बाहेर सरकतो आणि परत आत येतो, तो बघताना माझं रस्त्यावरचं लक्ष गेलं आणि काकांनी गुडघ्यावर चापट मारली. इंजिन तापल्यावर गाडी उभी केली की प्रेशरचा काटा जरा खाली येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की लगेच 3, म्हणजे पोटातलं ठीक आहे. घरी आल्यावर किल्ली बंद केली, इंजिन थांबलं, लॉक केल्यावर चारही दारांतून तो व्हॅक्युमचा उसासा. इंजिन बंद करणं पण व्हॅक्युमवरच चालतं, कुठे नळी गळली तर किल्ली काढली तरी गाडी चालूच राहते. काकांना एकदा कराडला हे झालं होतं, ब्रेक दाबून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन बंद पाडलं, मग चहा प्यायले.

उणं पण सांगतो. एसी नावालाच. मागच्या उजव्या बाजूला जॅक लावायच्या जागी, खालच्या प्लॅस्टिक पट्टीच्या आत, गंज आहे, बोट जाईल इतका नाही पण नख जाईल. आणि वीस वर्षांवरच्या गाडीला पासिंगची फी आता 10,000, वर ग्रीन टॅक्स, वर पुण्याला न्यायची म्हणजे एनओसी, हे सगळं माझ्या डोक्यावर.

मग बैठक बसली. मला वाटलं आता किंमत. पण काकांनी पहिलं विचारलं, गाडी उभी कुठे करणार? मी अभिमानाने सांगितलं, सोसायटीचं बेसमेंट आहे, कव्हर्ड पार्किंग. काकांनी कप खाली ठेवला. "बेसमेंट? पाणी येतं?" मी म्हटलं नाही हो, एकदाच आलं होतं, घोटाभर. साडूने माझ्या पायावर पाय दिला पण उशीर झाला होता. पुढची दहा मिनिटं मी पंप कुठे आहे, लाइट गेल्यावर जनरेटरवर चालतो का, उतार कुठल्या बाजूला आहे याची उत्तरं देत होतो, आणि निम्म्याची उत्तरं मला माहीत नव्हती.

किंमत मिटली पाच मिनिटांत. सहा लाख म्हणाले, मी पाच म्हटलं, मिस्त्रींना फोन लावला, ते म्हणाले पाच साठ, दोघं गप्प बसलो. मी इसार द्यायला पाकीट काढलं तर काकी दारातनं म्हणाल्या, पितृपक्षात घरात पैसे नकोत. बरं मग घटस्थापनेला पाठवतो म्हटलं. तर काका म्हणाले पाठवा, पण गाडी दसरा झाल्यावर न्यायची. 1996 पासून दर दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, काकींना घेऊन दसरा चौकाच्या जितक्या जवळ जाता येईल तितकं जायचं, लांबून मेबॅक बघायची आणि घरी येऊन पहिलं सोनं हिच्या बॉनेटवर ठेवायचं, मग माणसांना. क्लचचं काय करणार विचारलं तर म्हणाले एक दिवस दाबीन की.

परत येताना किणीच्या टोलपर्यंत साडू काहीच बोलला नाही, (तो पुण्याला येतच होता, कामासाठी) मग म्हणाला, "पाव्हणं, तो पंप जनरेटरवर चालतोय का ते बघा आधी."

बघितलं. चालत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलाय, त्यांना वाटतंय मला सोसायटीची फार काळजी. आणि सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लागलीये. आज 17 फूट.