हुलगी घरी येईपर्यंत

१४ डिसेंबर

आज जतच्या पुढे त्या वस्तीवर जाऊन आले. डांबरी सुटली की दोन्ही बाजूंना शाळू, कणसं हुरड्याला आलेली. गेले होते कुत्र्याची पिल्लं बघायला, पण पहिला अर्धा तास पिल्लांच्या मालकांनी, अण्णा आणि आक्कांनी, मलाच बघितलं. अण्णांनी बाजेवर बसवलं, आक्कांनी चहा दिला आणि मग एकेक विचारायला लागले. घर स्वतःचं की भाड्याचं? कंपाउंड किती उंच? दिवसा घरात कोण असतं? कारवानी जातीचं शिकारी कुत्रं आहे, साखळीला बांधून नाही चालत. सांगलीत पळवणार कुठं? शेवटी अण्णांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, "शिकारीला न्हेणार न्हाई न्हवं?" ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण अजून कितीतरी जण त्याचसाठी पिल्लू मागायला येतात. त्यांना अण्णा चहा पाजून परत पाठवतात.

मला राग आला नाही. मोती आठवला.

चार वर्षांपूर्वी त्याला घेतलं तेव्हा कुणी काहीच विचारलं नव्हतं. दलालानं पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून हातात दिला आणि पैसे मोजून घेतले. जेमतेम महिन्याचा लॅब्रॅडॉर. याची आई कुठंय, म्हटलं तर "तिकडं फार्मवर" एवढंच उत्तर. पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. पार्व्हो. हा रोग अंगात शिरल्यावर दिसायला तीन ते सात दिवस घेतो, तेव्हा तो तिकडूनच घेऊन आला असणार, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस सलाईन लावलं. तेवढ्याशा पायाला शीर सापडत नव्हती. आठव्या दिवशी गेला. त्यानंतर आईनं घरात कुत्र्याचा विषय काढू दिला नव्हता.

इथं पिल्लांची आई समोर उभी होती. चंद्री. निमुळतं लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. नवखा माणूस म्हणेल उपाशी ठेवतात की काय, पण या कुत्र्यांची ठेवणच तशी, वाऱ्यासारखं पळायला घडवलेली. ती माझ्याजवळ आली नाही. चार हात लांबून वास घेतला आणि तिथंच थांबली. कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही, हे ऐकून होते. आक्का खाली बसल्या तशी येऊन त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली. सोप्यात पोत्यावर सहा पिल्लं, चोवीस दिवसांची, चालताना मागचे पाय कुठं पडतील याचा भरवसा नाही.

आगाऊ पैसे देऊ केले. घेतले नाहीत. "आधी वाढू दे."

४ जानेवारी

परवा पहिली लस झाली म्हणून आज विचारलं, आता नेऊ का?

"आत्ता न्हाई बाई. संक्रांत होऊ दे."

नियम मला माहीत होता. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्रीची दीड वर्षाच्या आत जोड लावायची नाही आणि वर्षाला एकच वेत. चंद्री साडेचार वर्षांची आहे, हे तिचं दुसरं वेत आणि आता पुढं नाही, असं अण्णांनी ठरवलंय. पण आक्कांनी नियमाचं नावही काढलं नाही. "बसा हितं, बघा," म्हणाल्या.

बसले. पांढऱ्या पायाच्या पिल्लानं हुलग्याच्या रंगाच्या बहिणीचा कान धरला आणि सोडेना. ती किंचाळली तरी सोडेना. मग तिनं उलटून त्याचा गाल धरला, तेव्हा तो ओरडला, सोडलं आणि क्षणभर दोघंही गप्प एकमेकांकडे बघत राहिली. थोड्या वेळानं तोच चंद्रीला लुचायला गेला. दात टोचले असतील. ती गुरगुरली नुसती, ओठ जरासा वर. हा सरळ उताणा पडला, पोट वर करून. चंद्रीनं त्याला चाटलं आणि उठून उन्हात जाऊन बसली. किती जोरात चावायचं आणि कुठं थांबायचं, हे मी त्याला कितीही जीव लावला तरी शिकवू शकले नसते. मोतीला हे कुणी शिकवलंच नव्हतं, माझ्याकडं आला तेव्हा तो आईला शोधायच्याच वयात होता.

मला तो पांढऱ्या पायाचाच हवा होता. आक्का म्हणाल्या, तो दांडगा आहे, त्याला रान लागतं. "तुमच्या आईचं गुडघं दुखत्यात म्हनला न्हवं? ही घेऊन जावा. शानी हाय." गुडघ्यांचं मी पहिल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं.

१८ जानेवारी

आज आणली. एकोणसाठ दिवसांची. आक्कांनी शाळेच्या वहीचं एक पान फाडून दिलंय: जंताचं औषध कधी दिलं त्या तारखा, लसीची तारीख, पुढची १ फेब्रुवारीला, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. आठवडाभर तेच खाणं, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर उकडलेलं अंडं. खाली दोन रेघा मारून लिहिलंय: कधी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला आधी जात सांगा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, काही औषधांची भूल लवकर उतरत नाही.

बारा हजार दिले. अण्णांनी ते न मोजता खिशात ठेवले आणि म्हणाले, कधी जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला देऊ नका, हितं आणून सोडा, म्हातारी झाली तरी. आक्कांनी सोप्यातलं पोतं मधोमध फाडून अर्धं माझ्या हातात दिलं.

गाडी निघाली तेव्हा चंद्री फाटकापर्यंत आली. मी मागं वळून बघितलं नाही, बघवलं नसतं.

२१ जानेवारी

पहिली रात्र दोन वाजेपर्यंत रडली. दुसरी बारापर्यंत. काल पोत्यात नाक खुपसून झोपली ती सकाळीच उठली. आक्कांचा रोज संध्याकाळी फोन येतो, आधी हिनं खाल्लं का, मग मी जेवले का. आईनं नाव ठेवलंय, हुलगी.

१ फेब्रुवारी

दुसरी लस झाली. डॉक्टरांनी ते वहीचं पान वाचलं, त्याचा फोटो काढून घेतला आणि हे कुणी लिहून दिलं म्हणून विचारलं. मी सांगितलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, त्या पोत्याला वास यायला लागलाय, धुऊन टाकू का? बघितलं तर हुलगी त्याच्यावरच झोपलेली, एक कोपरा तोंडात धरून. आईच म्हणाली, असू दे मग आठवडाभर.