पलीकडच्या बाजूची माती
आज भाचीला वरळीच्या नेहरू तारांगणात नेलं होतं. बाहेर पडताच प्रश्न, "मावशी, माणूस न जाता चंद्रावरची माती कशी आणतात गं?" दादरपर्यंत बसमध्ये तेच पुराण. १९७० मध्ये सोव्हिएत लुना-१६ नं १०१ ग्रॅम आणली, चहापत्तीच्या छोट्या पुड्याएवढी. २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ-६ नं जवळजवळ दोन किलो, तीही चंद्राच्या पलीकडच्या बाजूची! तिथून पृथ्वी दिसतच नाही, म्हणून संदेश पोचवायला चंद्राभोवती वेगळा उपग्रह फिरत ठेवला. मला भारी वाटतं ते वर उडालेल्या यानानं कक्षेतल्या दुसऱ्या यानाला जोडून घेऊन मातीचा डबा हवाली करणं. आपलं चांद्रयान-४ पण असंच करणार (मंजुरी मिळालीय!). भाचीला वेगळीच काळजी, "एअरपोर्टवर कस्टमवाले अडवत नाहीत?"