गुरुवारचा मैदा, शुक्रवारचं जेवण

पिट्सबर्गला शिकायला आलेल्या देशी पोरांना बाकी काही कळो न कळो, कुठल्या वारी कुठे फुकट जेवण मिळतं ते पहिल्या महिन्यातच तोंडपाठ होतं. त्यात लाज कसली, असिस्टंटशिपच्या पैशातून भाडं गेल्यावर उरतं काय! तर त्या यादीत शुक्रवार संध्याकाळ म्हणजे हिलेल. फोर्ब्स अव्हेन्यूवर पिट आणि सीएमयू या दोन युनिव्हर्सिटींच्या मधे ज्यू विद्यार्थ्यांचं हे केंद्र आहे, तिथे शब्बातचं, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसाचं, जेवण असतं आणि ज्यू नसलात तरी कुणी हाकलत नाही. मी लॅबमधल्या मैत्रिणीचं शेपूट धरून गेले, पोटभर जेवले, आणि उठताना एका मुलीने अगदी सहज विचारलं की गुरुवारी संध्याकाळी मोकळी आहेस का, आम्हाला मळायला हात कमी पडतात. खाल्ल्या अन्नाला नाही कसं म्हणणार.

हिलेल ही संस्था १९२३ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत सुरू झाली, आता शेकडो कॅम्पसवर आहे. मला आधी वाटायचं प्रार्थना आणि सणवार एवढंच असेल. प्रत्यक्षात तिथे येणाऱ्या निम्म्या पोरांना प्रार्थनेत फारसा रस नाही, पण काम म्हटलं की हजर.

काम म्हणजे हाला ब्रेड. शब्बातला जेवणाच्या टेबलावर असतो तो, वेणी घातलेला. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांनी चालणारं, किचन म्हणजे नियमांचं काम, बाहेरचा डबासुद्धा आत आणायचा नाही, आणि मांस आणि दूध एकत्र चालत नाही, हा ब्रेड मांसाच्या जेवणाबरोबरही चालला पाहिजे म्हणून त्यात दूध नाही, बटर नाही, फक्त तेल, साखर, यीस्ट आणि ढीगभर अंडी. अंडं थेट पातेल्यात फोडायचं नाही. आधी काचेच्या ग्लासात फोडायचं, उजेडाकडे धरून बघायचं, रक्ताचा ठिपका असला तर टाकून द्यायचं, नसला तर मग पातेल्यात, आणि पुढचं अंडं परत ग्लासात. मला पहिल्यांदा हे एकच काम दिलं होतं आणि मी तासभर अंड्यांकडे डोळे बारीक करून बघत होते. पीठ मळून झालं की त्यातला एक छोटा गोळा काढून बाजूला ठेवतात, एकजण आशीर्वाद म्हणतो, मग तो गोळा फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये जाळून टाकतात, तो कुणी खायचा नाही. मग उरलेल्याचे पेड वळायचे. इथे मात्र आपण राणी! तीन पेडांची वेणी मला झोपेत येते, चार पेडांचीही येते, आणि सहा पेडांची बघता बघता आली, तेव्हापासून नवीन पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे. एका इंजिनीअरिंगच्या मुलाला आयुष्यात कधी कुणाचे केस विंचरायची वेळच आली नव्हती, त्याची वेणी दर वेळी मधेच सुटायची, वरून अंड्याचा हात फिरवून खसखस टाकली की सगळं झाकलं जायचं म्हणा.

मळता मळता गप्पा होतात तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्या कोकणात ज्यू आहेत, शेकडो वर्षांपासून, मराठी बोलतात, तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे. कुणाचा विश्वास बसेना! माझं आजोळ पेणचं, तिथे अजून सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, आणि पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी आडनावं असलेले हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आता मुंबई-ठाण्यात नाहीतर थेट इस्रायलमध्ये. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा करतात हे सांगितल्यावर एकीने लगेच रेसिपी मागितली. पोहे इथे देशी दुकानात मिळतात, करू कधीतरी.

तर हा ब्रेड विकायचा आणि पैसे भुकेच्या कामाला द्यायचे. ही कल्पना २००४ ची, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स कॉलेजमधल्या एका विद्यार्थिनीची, तेव्हा सुदानमधल्या दारफुरच्या निर्वासितांसाठी पैसे जमवले होते, मग बघता बघता बऱ्याच कॉलेजांत पसरली. पैशातला मोठा वाटा माझोन नावाच्या संस्थेकडे जायचा. या माझोनची गोष्ट मला फार आवडली. १९८५ मध्ये लेनर्ड फाइन नावाच्या लेखकाने ती काढली, आणि ज्यू घरांना सांगितलं की लग्न, बार मित्झवा (मुलगा वयात आल्याचा समारंभ), काय असेल त्या समारंभावर जो खर्च कराल त्याच्या तीन टक्के भुकेल्यांसाठी द्या. समारंभ करू नका, साधेपणाने करा वगैरे उपदेश नाही. करा की धूमधडाक्यात, फक्त तीन टक्के बाजूला काढा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम लग्नाचं केटरिंगचं बिल डोळ्यापुढे आणा आणि हिशोब करा.

मी कॉलेजात एनएसएस केलंय. एनएसएसची थट्टा करायची नाही मला, सात दिवसांच्या कॅम्पमध्ये आम्ही खरंच एका गावात बंधारा घातला होता, पण आमचं निम्मं लक्ष २४० तास भरले का आणि मार्क मिळणार का याकडे असायचं, आणि उरलेलं निम्मं फोटोत आपण आलो का याकडे. इथली पोरं काही संत नाहीत, रेझ्युमेवर टाकतातच, पण फरक असा की ते दर आठवड्याला असतं, परीक्षा असली तरी असतं, आणि इतकं रटाळ असतं की फोटो काढावा असं काही घडतच नाही. भांडी घासा, ट्रे पुसा, पुढच्या गुरुवारची नावं लिहा. कुणाला गहिवरून वगैरे येत नाही. मला तेच बरं वाटतं.

दुसरं काम पँट्रीचं, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फुकट किराणा मिळतो त्या खोलीचं. अमेरिकेत युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरं उपाशी असतात हे इकडे यायच्या आधी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण फी भरून, भाडं भरून, पुस्तकं घेऊन बऱ्याच जणांचं महिन्याच्या शेवटी खरंच वांधं होतं. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये काही विद्यार्थ्यांनी मेसच्या कार्डावरची उरलेली जेवणं गोळा करायला सुरुवात केली, कारण टर्म संपली की ती वाया जायची, पैसे काही परत मिळत नाहीत. त्यातली रेचल सुमेख ही इराणी ज्यू घरातली मुलगी, पुढे तिनेच त्याची देशभर चालणारी संस्था केली. किती साधी गोष्ट, ज्याचं उरलं त्याने कार्डावरून द्यायचं, ज्याला नाही त्याच्या कार्डावर जमा होणार, आणि मेसच्या रांगेत दोघं शेजारी शेजारी उभे असले तरी कुणाला काही कळायचं नाही.

आमच्या पँट्रीत मी डबे लावायला जायचे. एकदा राजम्याचे डबे लावत असताना आपलाच एक मुलगा आत आला, मराठी, गणपतीत ढोल वाजवणारा, ओळखीचा. त्याने मला बघितलं आणि तो तांदळाच्या पिशव्यांकडे इतका वळला की पाठच दिसावी. मीही राजम्याची लेबलं वाचायला लागले, एकूण एक लेबल. तो गेल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, इथे ओळख दाखवायची नाही, समोरच्याने दाखवली तरच. मग तिने बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसबद्दल सांगितलं. इजिप्तमध्ये वैद्य होता, मोठा ज्यू विद्वान. त्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात, तोंड वाकडं करून देणारा सगळ्यात खाली, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं वरून दुसरं, आणि सगळ्यात वर काय तर समोरच्याला धंदा, नोकरी, भागीदारी असं काहीतरी देऊन पायावर उभं करणं. या हाताचं त्या हाताला कळू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याच्याही वर एक पायरी आहे हे मला नवीन होतं.

तिसरं काम माझं सगळ्यात आवडतं, निर्वासितांना शिकवणं. पिट्सबर्गमध्ये भूतानमधून हाकललेले नेपाळी भाषिक लोक खूप आहेत, नव्वदच्या आसपास देश सुटला, मग नेपाळमधल्या छावण्यांत जवळजवळ वीस वर्षं, मग इकडे. त्यातल्या अनेकांना वसवण्यात इथल्या ज्यू समाजसेवी संस्थेचा हात होता. म्हाताऱ्यांना सिटिझनशिपच्या परीक्षेचे प्रश्न घोकून घ्यायचे असतात, शिकवायला अंडरग्रॅडची पोरं, आणि माझी ओढाताण दुभाषी म्हणून, कारण आज्यांना हिंदी सिरीयलची हिंदी येते आणि मला नेपाळी ठो येत नाही. एका आजींना पहिला राष्ट्राध्यक्ष कोण विचारलं की त्या ठसक्यात वॉशिंग्टन म्हणतात, पण पुढच्या प्रश्नालाही वॉशिंग्टन आणि त्याच्या पुढच्यालाही. एकदा त्यांनी शिकवणाऱ्या मुलाच्या डोक्यावरची किप्पा नीट निरखली आणि मला हिंदीत विचारलं, याची टोपी एवढीशी का, कापड कमी पडलं का? मी भाषांतर केलं. तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

याच शहरात, स्क्विरल हिलमधल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ ला शनिवारी सकाळी प्रार्थनेला आलेल्या ११ जणांना एकाने गोळ्या घालून मारलं. ज्यू संस्था निर्वासितांना मदत करतात हा त्याचा राग होता, तसं त्याने आधी ऑनलाइन लिहिलंही होतं. तेव्हा मी इथे नव्हते. मुस्लिम लोकांनी तेव्हा त्या कुटुंबांसाठी दोन लाख डॉलरच्या वर पैसे जमवले होते हे मला किचनमध्येच कळलं. आजींना शिकवणाऱ्या त्या किप्पावाल्या मुलाला मी एकदा विचारलं की तुझ्या आईला भीती नाही वाटत का, तू हेच काम करतोस. म्हणाला, वाटते, फोन करते, आणि मग विचारते की आजी पास झाल्या का.

(झाल्या पास! वॉशिंग्टनच्या जोरावर नाही, नीट अभ्यास करून.)

तर या सगळ्याचं वारं डोक्यात भरल्यामुळे मी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तीन टक्क्यांची आयडिया टाकली, की यंदा गणपतीच्या जेवणाचा जो खर्च होईल त्याचे तीन टक्के कॅम्पसच्या पँट्रीला देऊ, आणि तांदूळ-डाळ देऊ, कारण तिथे राजम्याशिवाय आपल्या पोरांच्या उपयोगाचं फारसं काही नसतं. दोन थम्सअप आले, एक सुप्रभात आलं, एका काकांनी विचारलं की तीन टक्के टॅक्सच्या आधी की नंतर, आणि खजिनदार म्हणाले, आधी गणपतीचा हॉल तर मिळू दे, मग बघू. हॉल मिळालाय. मी परत विचारलंय.