एक मिसकॉल म्हणजे पोहोचले

आमच्या घरात फोन घेतला तो बोलायला नाही, कट करायला. अतिशयोक्ती करत नाहीये.

२००४ साली नोकरी लागली तेव्हा मी नोकिया ११०० घेतला, टॉर्चवाला. वर्षभर आधी इनकमिंग फुकट झालं होतं, म्हणून तर हिंमत झाली. आउटगोइंगला मात्र पैसे पडायचे. रिचार्ज मारलं की हातात त्याहून कमीच पैसे यायचे, त्यात दिवस काढायचे. त्यामुळे फोनवर बोलणं ही चैन होती आणि मिसकॉल ही गरज.

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी मोबाइल आला तो दोन वर्षांनी. भावाने पुण्याहून नऊशे नव्व्याण्णवचं 'लाइफटाइम' कार्ड आणलं. आईला ते लाइफटाइम फार आवडलं. 'म्हणजे माझं की फोनचं?' असं तिने विचारलं होतं. (दोघांचंही नाही, कंपनीचं, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. आता अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज संपतं, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. आई कालनिर्णयवर तारखेला गोल करून ठेवते आणि म्हणते, 'ह्यांच्याकडे बारा महिने फेब्रुवारीच.')

तो फोन पडवीच्या खिडकीत, खिळ्याला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत राहायचा. घरात रेंज यायची ती तेवढ्या वीतभर जागेत. फोन पिशवीतून काढून कानाला लावला की रेंज गेली. म्हणून आई पिशवीलाच कान लावून उभी राहायची, एक हात खिडकीच्या गजावर. जरा निवांत बोलायचं असेल तर शाळेमागच्या कातळावर जायचं. संध्याकाळी तिथे निम्मी वाडी जमायची आणि कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते सगळ्यांना आपोआप कळायचं.

मग आईने खुणा ठरवल्या. एक मिसकॉल म्हणजे पोहोचले, सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे सवडीने फोन कर. तीन म्हणजे हातातलं टाक आणि आत्ता कर. मी डोंबिवलीहून रात्रीच्या एसटीने निघाले की पनवेल मागे पडल्यावर रोमिंग लागायचं. एकाच राज्यात मुंबई वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र वेगळं, हे मला कधीच पटलं नाही. रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे, त्यामुळे सगळा प्रवास मिसकॉलवरच. परत येताना डोंबिवलीला दार उघडलं की चप्पल काढायच्या आधी एक रिंग द्यायची. तिकडे आई ती ऐकून कट करायची आणि मग झोपायला जायची.

२०१६ नंतर बोलणं जवळजवळ फुकट झालं. व्हिडिओ कॉल आले, आईचं कपाळ आणि वरचं आढं दिसू लागलं. खुणा मी तरी विसरून गेले.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ येणार हे दोन दिवस टीव्हीवर चालूच होतं. सकाळी दहाच्या सुमारास आईशी बोलले. मागे वाऱ्याचा आवाज इतका होता की ती ओरडून बोलत होती. 'पोफळी जमिनीपर्यंत वाकतायत गो बाय. ठेव, नंतर बोलू.' त्यानंतर फोन लावला की एकच बाई बोलायची, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. बुधवारी तीच, गुरुवारी तीच, शुक्रवारीही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सगळे मुंबई-ठाण्यातले एकमेकांना विचारत होतो, 'कोणाचा फोन लागला का?' गावातलं एकही माणूस ऑनलाइन नव्हतं. वीज नाही, टॉवर बंद. लॉकडाऊन होता, पास मिळवल्याशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता. भावाने पाससाठी अर्ज टाकला होता.

शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी कुकर लावत होते. फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. ओट्यावरून उचलेपर्यंत बंद.

मी हात न पुसता तशीच उभी राहिले, दुसरा येतो का बघत. तिसरा येऊ नये असंही वाटत होतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला नाही. दुसरा आलाच नाही. उलट फोन लावला तर पुन्हा तीच बाई. पण एक म्हणजे पोहोचले, ठीक आहे. मी भावाला फोन केला आणि 'एकच आला' एवढंच म्हणाले. तो एकदम खाली बसला असावा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

खरी गोष्ट नंतर कळली. शेजारचा मुलगा वाडीतले बावीस फोन पिशवीत घालून बाइकवरून खेडच्या बाजूला गेला होता. पडलेली झाडं तोडत, वळसे घेत. रेंज मिळाली तिथे एका रिक्षावाल्याच्या बॅटरीवर एकेक फोन जिवंत केला आणि घराघरांचे निरोप दिले. आमचा निरोप आईने पढवून पाठवला होता. 'बोलू नको. एकच रिंग दे. चुकून दोन देशील तर ती घाबरेल.'

मी भडकले. अनलिमिटेड पॅक होता तिचा! तीन दिवसांनी माणूस निदान दोन वाक्यं तरी बोलायला लावील की नाही? आई शांतपणे म्हणाली, 'फुकट असलं म्हणून काय झालं? त्याला अजून एकवीस घरं होती.'

पडवीची कौलं उडाली होती, चाळीसपैकी सात पोफळी उभ्या होत्या, आणि पडवीतच ती दोन रात्री बसून होती. यातलं काहीच त्या एका रिंगमध्ये नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, 'त्यासाठी आपली खूण कुठे ठरली होती?' वीज आली ती सव्वा महिन्याने.

गेल्या गणपतीत गावाहून परतले, डोंबिवलीला दार उघडलं आणि बोलायचं म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने कट केला.