शोधातील क्रमांक आणि तारखांची वही

सायकल दुरुस्तीविषयीचे एक लहानसे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे एकटीने चालवते आहे. लेख लिहिणे, छायाचित्रे काढणे आणि तांत्रिक बाजू सांभाळणे ही सगळी कामे माझ्याकडेच असल्यामुळे, गूगलच्या निकालांत आपली पाने वर यावीत यासाठी काय करावे लागते, हेही मला हळूहळू शिकावे लागले. या विषयावर उपाय सांगणारे लिखाण भरपूर आहे. शीर्षक असे लिहा, वेग वाढवा, लिंक मिळवा, हे सगळीकडे वाचायला मिळते आणि त्यातले बरेचसे बरोबरही असते. मला खरी अडचण आली ती त्यापुढे, कारण केलेल्या कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला, हेच ओळखता येईना. आज एखादे पान सुधारले, तरी गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचत फिरणारा प्रोग्रॅम, ते पुन्हा कधी वाचेल हे आपल्या हाती नसते. काही पाने दोन दिवसांत वाचली जातात, तर काहींना कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात इतरांनीही आपापली पाने सुधारलेली असतात, गूगलने स्वतःचे निकष बदललेले असतात, आणि आपणही धीर न धरता त्याच पानावर आणखी दोन-तीन बदल केलेले असतात. मग महिन्याभराने क्रमांक वर गेला किंवा खाली आला, तर त्याचे कारण नेमके कशात शोधायचे?

एखादे पान निकालांत दिसण्यापूर्वी क्रॉलरने ते वाचावे लागते, वाचलेले पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या यादीत, घेतले जावे लागते, आणि त्यानंतरच ते कोणत्या प्रश्नासाठी कितव्या जागी दाखवायचे हे ठरते. आपण ज्याला रँकिंग म्हणतो, तो फक्त हा शेवटचा टप्पा. आधीचे दोन टप्पे तपासल्याशिवाय तिसऱ्यावर मेहनत घेतली की काय होते, याचा अनुभव मला संकेतस्थळाची मांडणी नव्याने करून घेतली तेव्हा आला. ज्यांनी हे काम केले त्यांनी नवी मांडणी आधी एका चाचणीच्या पत्त्यावर उभी केली होती, आणि ती अर्धवट असताना कोणाच्या शोधात येऊ नये म्हणून तिथल्या प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ हा टॅग लावला होता, जे योग्यच होते. काम पूर्ण झाल्यावर पाने मूळ पत्त्यावर आली, पण साखळी आणि गिअर या विभागातल्या पानांवरचा तो टॅग काढायचा राहून गेला. पुढचे काही आठवडे मी त्याच पानांची शीर्षके बदलत होते, छायाचित्रे हलकी करत होते, परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहीत होते. आणि ती पाने यादीतच नव्हती. सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-चालकांसाठीच्या साधनात पानाचा पत्ता टाकून तपासणी केली असती, तर नोइंडेक्स टॅगमुळे पान वगळले आहे, असे पहिल्याच मिनिटाला स्वच्छ लिहिलेले दिसले असते.

याच प्रकरणात मी आणखी एक चूक केली, आणि ती अनेक जण करतात म्हणून जरा सविस्तर सांगते. चाचणीच्या पत्त्यावरची काही जुनी पाने टॅग लावूनही कशी कोण जाणे निकालांत येऊन बसली होती. ती लवकर जावीत म्हणून मी रोबोट्स फाइलमध्ये त्या सगळ्या पत्त्यालाच मनाई केली. दोन्ही उपाय एकत्र केले म्हणजे बंदोबस्त दुप्पट होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात रोबोट्स फाइल क्रॉलरला सांगते की हे पान वाचायलाच येऊ नकोस, तर नोइंडेक्स टॅग सांगतो की पान वाच, पण यादीत ठेवू नकोस; आणि ज्याला आत येण्यास मनाई आहे, त्याला आत लावलेला टॅग दिसणार तरी कसा? ती पाने वर्णनाविना, नुसत्या पत्त्यानिशी निकालांत रेंगाळत राहिली. मनाई उठवल्यावर क्रॉलर आला, त्याने टॅग वाचला, आणि मग ती एकेक करून गेली. रोबोट्स फाइलचा संकेत १९९४ पासून रूढ आहे आणि २०२२ मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचे स्वरूप मिळाले, तरी तिचे काम वाचन रोखण्याचे आहे, यादीतून काढण्याचे नाही, हा फरक आजही सहज नजरेतून सुटतो.

पाने यादीत परतल्यावर खऱ्या अर्थाने क्रमांकाचा प्रश्न सुरू झाला. सायकलची साखळी या एका विषयावर माझे चार लेख होते: साखळी उतरल्यास काय करावे, साखळी वारंवार का उतरते, साखळी कशी बसवावी आणि साखळी सैल झाल्याची लक्षणे. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निमित्ताने लिहिलेले असल्यामुळे त्यांत निम्मा मजकूर सारखाच होता. सर्च कन्सोलमध्ये एकच शोधवाक्य निवडून त्यासाठी कोणती पाने दाखवली गेली हे पाहिले, तेव्हा एका आठवड्यात पहिला लेख, दुसऱ्या आठवड्यात तिसरा, मग पुन्हा पहिला, असा खेळ चाललेला दिसला. इतर संकेतस्थळांशी स्पर्धा करण्याआधी माझीच पाने एकमेकांशी भांडत होती.

येथे मी प्रथमच कीवर्डच्या, म्हणजे शोधात लिहिल्या जाणाऱ्या शब्दांच्या, याद्या बाजूला ठेवल्या आणि शोधणारी माणसे डोळ्यांपुढे आणली. ‘साखळी उतरली’ असे लिहिणारी व्यक्ती बहुधा रस्त्याच्या कडेला उभी असते, बोटांना ग्रीस लागलेले असते, आणि मोबाइलच्या पडद्यावर पहिल्या दहा ओळींत तिला कृती हवी असते: गिअर लहान चक्रावर आणा, डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) पुढे ढकलून साखळीचा ताण कमी करा, साखळी दातांवर बसवा आणि पेडल हाताने सावकाश फिरवा. ‘साखळी सारखी का उतरते’ असे लिहिणारी व्यक्ती मात्र घरी असते, तिच्याकडे वेळ असतो आणि तिला कारण हवे असते. डिरेलरची हालचाल मर्यादेत ठेवणारे लिमिट स्क्रू चुकीचे बसले आहेत का, डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला आहे का, साखळी झिजून लांबली आहे का, आणि गिअर नसलेली सायकल असेल तर मागचे चाक पुढे सरकून साखळी सैल पडली आहे का, हे तिला एकेक करून तपासायचे असते. दोन माणसे, दोन गरजा. म्हणून चारांऐवजी दोनच पाने ठेवायची, असे मी ठरवले. उरलेल्या दोन पानांतला उपयोगी मजकूर त्यांत घेतला आणि जुने पत्ते ३०१ या कायमस्वरूपी रीडिरेक्टने नव्या पानांकडे वळवले. अशी वळणे निदान एक वर्ष तरी काढू नयेत, असे गूगलचे सांगणे आहे. मी ती काढलेलीच नाहीत.

त्यानंतर जे घडले त्याने मी गोंधळून गेले, कारण क्लिक वाढत होते आणि सरासरी स्थान घसरत होते. हा विरोधाभास कळण्यासाठी साधे गणित मांडून पाहावे लागले. समजा, एखादे पान महिन्यात १०० वेळा दिसले आणि प्रत्येक वेळी ३ऱ्या क्रमांकावर होते, तर त्याचे सरासरी स्थान ३ असते. पुढच्या महिन्यात ते आधीच्या शोधांसाठी तसेच ३ऱ्या जागी राहिले, आणि शिवाय पूर्वी कधीच न दिसलेल्या नव्या शोधांसाठी १०० वेळा ४१व्या जागी दिसू लागले, तर सरासरी एकदम २२ वर जाते. पानाचे काहीच बिघडलेले नसते. उलट अधिक प्रश्नांसाठी त्याचा विचार होऊ लागलेला असतो. तेव्हापासून संपूर्ण संकेतस्थळाचे सरासरी स्थान पाहणे मी सोडून दिले आहे. एक पान आणि एक शोधवाक्य एवढेच निवडून पाहिले, तरच त्या आकड्याला काही अर्थ उरतो.

लिंकचा प्रश्न याहून निराळा, कारण तिथे काम दुसऱ्याने करायचे असते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेल्या पेजरँकची मूळ कल्पनाच अशी होती की, एखाद्या पानाकडे कोण आणि किती जण बोट दाखवतात, यावरून त्याचे महत्त्व ठरावे. कल्पना इतकी चांगली होती की लिंकचा बाजारच उभा राहिला. बनावट लिंकना आळा घालण्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही, लिंक शिफारस म्हणून मोजू नका असे सांगणारी खूण आली आणि २०१२ मध्ये गूगलच्या निकषांत पेंग्विन नावाचा बदल आला, तरी शेकडो लिंक मिळवून देतो, असे सांगणारी पत्रे मला आजही येतात. मी एकदाही त्या वाटेला गेले नाही, आणि नव्याने संकेतस्थळ सुरू करणाऱ्यांनी जाऊ नये असे मला कळकळीने वाटते, कारण विकत घेतलेली लिंक गूगलच्या नियमांत बसत नाही आणि तिचे ओझे पुढे वर्षानुवर्षे आपल्यालाच वाहावे लागते. मला मिळालेली सर्वांत मोलाची लिंक मी मागितलेली नव्हती. साखळीची झीज पट्टीने कशी मोजावी, यावर मी छायाचित्रांसह एक पान केले होते: १२ इंचांच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरायचा आणि १२ इंचांवरची पिन सोळांश इंचापेक्षा अधिक पुढे सरकलेली दिसली, तर साखळी बदलायची. सायकलस्वारांच्या एका गटाने आपल्या नव्या सदस्यांच्या माहितीपानावर ते पान दिले. ज्याला जे हवे होते, ते तिथे नीट दाखवलेले होते. त्यापलीकडे मी काहीही केले नव्हते.

वेगाविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर जागचा हलू नये, ही गूगलची मापे वाचकाच्या सोयीची आहेत आणि ती पाळावीत. पण प्रश्नाचे उत्तर न देणारे पान केवळ झटपट उघडते म्हणून वर येत नाही. मेटा कीवर्ड, म्हणजे वाचकाला न दिसणारी पानाच्या कोडमधली शब्दांची यादी, भरण्यात तर वेळ घालवूच नये. क्रमांक ठरवताना आपण ते पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. गूगल वर्षातून अनेकदा आपल्या मुख्य निकषांत व्यापक बदल करते, आणि असा बदल सर्वत्र पोहोचायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. कमी दर्जाच्या मजकुराला मागे टाकणारा २०११ चा पांडा, २०२२ मध्ये आलेली आणि मार्च २०२४ मध्ये मुख्य निकषांत सामावून घेतलेली उपयुक्त मजकुराची पद्धत, ही गूगलच्या मोठ्या बदलांतली ठळक नावे. अशाच एका बदलाच्या आठवड्यात मी नेमकी वीस-बावीस पानांची शीर्षके बदलली होती. वाचकांची संख्या घटली, आणि ती शीर्षकांमुळे घटली की निकषांमुळे, हे मला आजतागायत कळलेले नाही. जुनी शीर्षके परत आणावीत तर चांगला बदल पुसला जाण्याची भीती, न आणावीत तर वाईट बदल तसाच राहण्याची भीती. त्या आठवड्यांत रात्री झोपण्यापूर्वीही मी आकडे पाहत असे, आणि त्यातून हाती काही लागत नसे.

त्यानंतर मी एक वही घातली. तीत तारीख, पान, केलेला बदल आणि तो का केला, एवढेच लिहिते. एका पानावर एका वेळी एकच बदल करते आणि त्याच प्रकारचे दुसरे एखादे पान मुद्दाम तसेच ठेवते. दोन्ही पाने एकाच वेळी घसरली, तर कारण माझ्या बदलात असण्याची शक्यता कमी. बदललेलेच पान घसरले, तर शंका घ्यायला जागा आहे. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, पण अंदाजाला आधार मिळतो. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करते, कारण सायकल चालवण्याचा काळ ऋतूप्रमाणे बदलतो. सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवते, म्हणून दर तीन महिन्यांनी ती उतरवून घेते. सुधारणा करून तिचा लाभ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, कारण तिसऱ्या आठवड्यात हात शिवशिवू लागतात.

अलीकडे आणखी एक नवी बाब नोंदवावी लागते. मे २०२४ पासून गूगलने निकालांच्या वर एआयने तयार केलेली उत्तरे व्यापक प्रमाणावर दाखवायला सुरुवात केली, आणि लहान प्रश्नांच्या बाबतीत स्थान तेच राहूनही क्लिक कमी झालेले मला माझ्या पानांवर दिसतात. चार ओळींत संपणारे उत्तर तिथेच मिळत असेल, तर वाचकाने पुढे का यावे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून चार ओळींत मावत नाही असे काही पानावर असावे, याकडे मी अधिक लक्ष देते आहे. वाकलेला हँगर मागून पाहिला असता कसा दिसतो, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. गेल्या आठवड्यात मी सरळ आणि वाकलेला असे दोन हँगर एकाच कोनातून टिपले आणि ती दोन छायाचित्रे ‘साखळी सारखी का उतरते’ या पानावर शेजारी शेजारी लावली. वहीत तारीख लिहिली आहे, तुलनेसाठी ठेवलेल्या ब्रेकच्या पानाला हात लावलेला नाही, आणि चार महिने पूर्ण होईपर्यंत या पानावर दुसरा कोणताही बदल करायचा नाही, असे पुढे लिहून ठेवले आहे.