तुम्ही विचारलंत म्हणून: बिडी सोडायला औषध कशाला?

"साहेब, मनात आणलं तर माणूस एका दिवसात बिडी सोडतो. औषध कशाला?" सरपंच विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो. रुग्णाचा मुलगा तर बापासमोरच विचारतो.

एका दिवसात सोडणारे असतात. पण त्यांना माझ्याकडे यावंच लागत नाही. माझ्याकडे येतो तो डोळे उघडताच काडी ओढणारा. झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. ते एकाएकी बंद झालं की चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस फार वाईट असतात. ते निभावून न्यायला औषध.

भंडारा जिल्ह्यातले एक काका. छातीत घरघर, चार पावलं चालले की धाप. काकू घरी बिड्या वळतात. काकांना 4 मिलिग्रॅमचा निकोटीन गम दिला, म्हणजे बिडीऐवजी थोडं निकोटीन देणारं, चावायचं औषध, तर खर्ऱ्यासारखा चावून थुंकून आले. "लय तिखट लागते जी!" मग समोर बसवून शिकवलं: हळू चावा, चुरचुरलं की गालात दाबून ठेवा, पुन्हा चावा, चहा घेतलात तर पंधरा मिनिटं थांबा. बिडी सुटली. पोळ्यानंतर थोरले भाऊ वारले आणि तेरवीच्या मांडवात कुणीतरी बंडल पुढे केलं.

पुढच्या वेळी काकू एकट्याच आल्या. "ते बाहेर लिंबाखाली बसले हायेत. आत येत नाई म्हणतेत."

मी बाहेर गेलो. मान वर न करता, मध्ये मध्ये थांबत म्हणाले, "तुमाले कोणत्या तोंडानं भेटू जी? पोरगा म्हणते, बापाले सोडाचीच नाई."

म्हणून मला त्या 'मनात आणलं तर'चा राग येतो. धाप लागलेला माणूस त्यापायी दवाखान्याच्या दारातून आत येत नाही. नवा डॉक्टर होतो तेव्हा मीही म्हणायचो, निर्धार हवाच. त्या तरुण डॉक्टरचं म्हणणं आजही मला पुरतं खोडून काढता येत नाही. औषध घेऊनही कितीतरी जण परत ओढतात, आणि नुसतं पाकीट हातात देऊन भागत नाही, दर खेपेला बसून बोलावं लागतं.

शिवाय घरात सूपभर बिड्या. काकूंना वळणं थांबवा म्हणू? त्या मजुरीवरच किराणा येतो. सध्या सूप शेजारणीच्या ओसरीवर ठेवायचं ठरलंय, बायका तिथेच बसून वळतात. काकांनी गम पुन्हा सुरू केला आहे. या वेळी सुटेलच, असं मी त्यांना सांगितलेलं नाही. मुलाला मात्र पुढच्या खेपेला सोबत घेऊन या म्हटलंय.