तुम्ही विचारलंत म्हणून: डु प्लेसी आणि न उच्चारायचा ‘स’

पुण्यात मी फ्रेंच शिकवते, आणि आयपीएलच्या दिवसांत व्याकरणाच्या शंकांपेक्षा एकच प्रश्न मला जास्त वेळा विचारला जातो : फाफ डु प्लेसी दक्षिण आफ्रिकेचा, मग त्याचे आडनाव फ्रेंच कसे, आणि त्याच्या शेवटचा ‘स’ म्हणायचा की नाही? २०१६ आणि २०१७ या वर्षी तो पुण्याच्या संघात होता तेव्हा तर जिन्यात भेटणारे शेजारीसुद्धा हेच विचारत. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेले बरे.

‘स’ म्हणायचा नाही. प्रश्नाचा तेवढा भाग इथेच संपला. आडनावाची हकिकत मात्र एका कुंपणापासून सुरू होते.

जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्लेसी’ म्हणजे जिवंत झाडे विणून केलेले कुंपण. खोडाच्या बुडाशी तिरका घाव घालायचा, पण ते पुरते तुटू द्यायचे नाही. मग ते आडवे वाकवून शेजारच्या खोडांमधून ओवून घ्यायचे. घाव बसलेले झाड मरत नाही, त्याला नवे धुमारे फुटतात आणि काही वर्षांत गुरांना भेदता येणार नाही अशी हिरवी भिंत तयार होते. विणण्यासाठी लॅटिनमध्ये जे क्रियापद होते, त्याच्यापासून हा शब्द आला. पुढे अशा कुंपणाच्या आतल्या गढीलाच प्लेसी म्हणू लागले आणि फ्रान्समध्ये ठिकठिकाणी या नावाची गावे झाली. ‘डु’ म्हणजे ‘चा’. आपल्या आडनावांत ते काम ‘कर’ करतो. आपला ‘वाडा’देखील संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा, या शब्दाकडे जातो. त्यामुळे डु प्लेसीचे मराठी करायचे झाले तर मी ‘वाडेकर’ असे करते, आणि दोघेही आपापल्या देशाचे कसोटी कर्णधार होते हे सांगितल्यावर वर्गात हमखास हशा पिकतो.

इतक्या गावांवरून पडलेले आडनाव असल्यामुळे सगळे डु प्लेसी एका कुळातले नव्हेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फ्रान्सच्या राजाचा मुख्यमंत्री कार्दिनल रिशेल्यू. त्याचे खरे नाव आर्मां जां डु प्लेसी. ह्युगनॉट म्हणजे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट, आणि त्यांचा बालेकिल्ला असलेल्या ला रोशेल शहराला याच माणसाने १६२७-२८ मध्ये वेढा घालून शरण आणले. दक्षिण आफ्रिकेला ज्याने हे आडनाव दिले तो डु प्लेसी मात्र स्वतः ह्युगनॉट होता.

चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने ह्युगनॉटांना उपासनेची मुभा दिली होती. चौदाव्या लुईने ती १६८५ मध्ये काढून घेतली. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडावा, आणि सामान्य अनुयायांनी मात्र देश सोडता कामा नये, असा तो विचित्र हुकूम होता. पळताना सापडलेल्या पुरुषांना गॅली जहाजांवर वल्ही मारायला धाडत. तरीही सुमारे दोन लाख लोक निसटले. बरेचसे हॉलंड, इंग्लंड, प्रशिया आणि स्वित्झर्लंड इथे गेले. हॉलंडला पोहोचलेल्यांपैकी काही जणांना डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, नेले, कारण तिथल्या वसाहतीला शेतकरी हवे होते, आणि द्राक्षमळ्यांची माहिती असलेले मिळाले तर अधिकच बरे. प्रवास फुकट, जमीन मिळणार, अट एवढीच की निदान पाच वर्षे तिथे राहायचे.

प्वातिए शहराचा जां प्रियर डु प्लेसी हा शल्यवैद्य आणि त्याची पत्नी मादलेन मेनांतो १६८८ मध्ये ओस्टरलँड जहाजाने केपला उतरले. आडनाव म्हणून पुढे चालले ते फक्त डु प्लेसी. त्या काळात केपला आलेले ह्युगनॉट जेमतेम दोनशे होते. गव्हर्नर सिमोन फान डर स्टेल याने त्यांना डच शेतकऱ्यांच्या मध्येमध्ये जमिनी दिल्या, जेणेकरून त्यांचा वेगळा गट होऊ नये. ही जमीन काही रिकामी नव्हती; खोईखोई लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत आले होते. कुंपणाचे नाव लावणाऱ्या माणसांनी तिथेही कुंपणेच घातली, ही गोष्ट मला कधी नजरेआड करता आलेली नाही.

फ्रेंच भाषा फार काळ टिकली नाही. १७०१ मध्ये कंपनीने तिला चर्चमधून आणि शाळेतून हटवण्याचे धोरण घेतले, आणि शतकाच्या मध्यापर्यंत ती म्हाताऱ्यांपुरती उरली. नातवंडे डच बोलू लागली, त्यांची नातवंडे आफ्रिकान्स, म्हणजे डचमधूनच तिथे घडलेली भाषा. नावांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. डच कारकून जे कानावर पडेल ते लिहीत, त्यामुळे व्हिलियोंचे फिल्युन, क्रोनिएचे क्रोन्ये आणि पिनारचे पिनार झाले. शेवटच्यात उच्चार जवळपास तोच राहिला, फक्त अक्षरे बदलली. हॅन्सी क्रोन्येचे आडनाव मुळात फ्रेंच होते हे ऐकून लोक चकित होतात, पण शिंद्यांचे सिंधिया झालेले पाहणाऱ्या आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. डु प्लेसीने मात्र अक्षरेही राखली आणि ‘स’ न म्हणण्याची रीतही राखली. फाफ हे ज्याचे लघुरूप आहे ते फ्रान्स्वा हे नावही फ्रेंचच. तो घरी बोलतो ती भाषा आफ्रिकान्स.

आता नवा प्रश्न येऊ लागला आहे तो ऑस्ट्रेलियाचा फलंदाज मार्नस लाबुशेनचा. तेही ह्युगनॉट आडनाव. तो दक्षिण आफ्रिकेतल्या क्लेर्क्सडॉर्पला जन्मला आणि दहा वर्षांचा असताना कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेला. आफ्रिकान्समध्ये त्या आडनावात घशातून काढायचा एक खरखरीत ‘ख’ आहे. ऑस्ट्रेलियात गेल्यावर तो गळून पडला.